नवागामचं अंदमान

मी अंदमान कधी पाहिलेलं नाही. तरी एका गणपतीत दहा दिवस, रोज संध्याकाळी, दर पंधरा मिनिटांनी मी लोकांना अंदमान दाखवत होतो. त्यातली एक गोष्ट मी खोटी दाखवली. चुकून नव्हे, जाणूनबुजून. त्या एका गोष्टीवर शेजारच्या घरातला माणूस घरात येणार की बाहेरच राहणार हे ठरायचं होतं, आणि तेही मला ठाऊक होतं. इतकी वर्षं हे कुणाशी बोललो नाही. माझा स्वभाव मुळात न बोलण्याचा; लोक त्याला शांतपणा म्हणतात.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही सुरतेला नवागामात राहायचो, डिंडोलीच्या बाजूला. एका ओळीत बारा खोल्या, पत्र्याची छपरं, आणि दिवसरात्र मागांचा खडखडाट. तो बंद पडला की लहान मुलं दचकून उठायची. मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं, एका पावरलूमच्या शेडमध्ये कापडाच्या ताक्यांवर शिक्के मारायचं काम करायचो. ओळीत सगळे खानदेशातले. घरातली बोली अहिराणी. इथे मी ती बरीचशी साध्या मराठीत लिहितो, पण काही वाक्यं बदलली तर ती माणसंच राहत नाहीत, म्हणून ती तशीच ठेवतो.

आमच्या शेजारच्या खोलीत जिजी राहायची, दोन मुलींसह. आणि खोलीबाहेरच्या ओट्यावर तिचा नवरा राहायचा. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

आप्पा ओट्यावर का, तर ते सात वर्षं बेपत्ता होते. मुली लहान असताना एका ठेकेदाराबरोबर लाकूडकटाईच्या कामाला म्हणून गेले, ते गेलेच. आणि सात वर्षांनी एका दुपारी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन असे चालत आले, की जणू सकाळी दळण टाकायला गेले होते. जिजी दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"कुठे होतात?"

"अंदमानला."

जिजीने हातातली टिकली नीट चिकटवली. मग उठून ताट वाढलं, ते ओट्यावर आणून ठेवलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढची दोन वर्षं ताट ओट्यावरच येत होतं. गरम, वेळेवर, वर कांदा ठेवलेला. पण ओट्यावर. "पटलं की आत घेईन," एवढंच तिने सांगितलं होतं.

गल्लीला मात्र सगळं आधीच पटलेलं होतं. अंदमानला कोण जातं? काळ्या पाण्याच्या शिक्षेचा माणूस. म्हणजे आप्पा तुरुंगात होते. दुसरा पक्ष म्हणायचा की तुरुंग वगैरे काही नाही, वापीला दुसरं घर आहे. दोन्ही पक्ष आप्पांच्या समोरच, त्यांच्याकडूनच तंबाखू घेऊन, यावर वाद घालत. आप्पा चुना मळता मळता ऐकून घेत.

पत्र का नाही पाठवलं, याचंही उत्तर आप्पांकडे होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. तिथल्या मुकादमाकडून लिहून घेतली होती पत्रं, दर दिवाळीला. पत्ता सांगितला होता: सुरत, नवागाम, मोठ्या लिंबासमोर. तो लिंब ते गेल्याच्या पहिल्याच वर्षी तोडला होता आणि तिथे गिरणी उभी राहिली होती. "लिंब तोडतील हे मला काय माहीत?" आप्पा म्हणत. हे इतकं साधं होतं की कुणालाच ते खरं वाटत नसे.

जिजी आतून काम करता करता प्रश्न टाकायची. दार अर्धं लोटलेलं असायचं. आमच्या भिंती पातळ असल्यामुळे ही उलटतपासणी आमच्याही घरात व्हायची.

"तिथे हत्ती काय करतात?"

"लाकडं ओढतात. या बेटावरून त्या बेटावर न्यायचं तर पोहत नेतात. समुद्रातून. सोंड तेवढी वर."

यावर जिजीने दोन दिवस विचार केला आणि मग निकाल दिला, "म्हैस पोहते. हत्तीही पोहेल."

तिने बरंच मान्य केलं होतं. वाळू मिठासारखी पांढरी, मान्य. सगळ्या रानातले पोपट संध्याकाळी एकाच लहानशा बेटावर झोपायला येतात, मान्य. नारळाच्या झाडावर चढणारा खेकडा तिने महिनाभर टांगता ठेवला आणि मग सोडून दिला. अडलं ते एकाच ठिकाणी.

आप्पा म्हणायचे, तिथे एक ज्वालामुखी आहे. कमरेएवढा उंच. चिखलाचा. थंड. आग नाही, धूर नाही. थोड्या थोड्या वेळाने मधून एक बुडबुडा येतो, बस. जेवलेल्या माणसाने ढेकर द्यावी तसा.

"मी काय येडी शे का?" जिजी आतून ओरडली होती. "थंडा ज्वालामुखी? आन कंबरएवढा?"

"शे ना पण," आप्पा ओट्यावरून म्हणाले.

तिथे ते दोघं थांबले होते.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत देखाव्याचा विषय निघाला. आदल्या वर्षी शेजारच्या सोसायटीने शंकराच्या जटेतून खरं पाणी सोडलं होतं आणि आमच्या मंडळाकडे कुणी फिरकलं नव्हतं. आमचे अध्यक्ष चार मागांचे मालक होते. वीस वर्षं सुरतेत काढल्यामुळे त्यांची मराठी सुरू मराठीत व्हायची आणि कुठल्याही भाषेत संपायची. ते म्हणाले, "ह्या वर्षी असं काही करायचं की पब्लिक सोसायटीवाल्यांचं नाव भूली जाय." कुणीतरी गंमतीने म्हटलं, अंदमान दाखवा, आपल्या ओळीत तिथला माणूस आहे. सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. दोनच वर्षांपूर्वी अंदमानाजवळच्या एका ओसाड बेटावर ज्वालामुखी पेटल्याची बातमी पेपरात आली होती आणि त्यांनी तिचं कात्रण, देव जाणे कशासाठी, जपून ठेवलं होतं.

असं आमचं 'अंदमान दर्शन' ठरलं. आप्पांना सल्लागार केलं. त्यांच्या छातीला कापडी बिल्ला लावला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी सारखा केला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना अंदमानाबद्दल काही विचारत होतं आणि ऐकून घेत होतं. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, ती येऊन बघेल ना देखावा. मी सांगितलं तसं सगळं समोर दिसलं, आन वर गणपती बसलेला, की मग झालं. आत घेईल." एवढंच त्यांना हवं होतं. पुढे जे झालं ते मी हे ऐकलेलं असताना झालं.

निवेदन लिहून कॅसेटवर बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अक्षराचा आवाजाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

पंधरा दिवस काम चाललं. आमच्या शेडला आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असायची, तो सगळा दिवस आणि रोजच्या पाळीनंतरचे दोन तास. पहिल्यांदा हत्ती झाला. बांबूचा सांगाडा, वर रद्दी ताके, त्यावर राखाडी रंग. तो पोहताना दिसायला हवा, म्हणून आमच्या फिटरने त्याला जुन्या मागाच्या मोटरला जोडलं. माग ओढायची मोटर, तिला हळू चालणं माहीतच नव्हतं. बटण दाबताच हत्ती या बेटावरून त्या बेटावर आणि परत असा मागातल्या धोट्याच्या वेगाने सुटला. एका मिनिटात त्याने शंभरेक फेऱ्या मारल्या. सोंड उडून अध्यक्षांच्या पायाशी पडली. आप्पा शांतपणे म्हणाले, "एवढी घाई नसते त्याला."

वाळूसाठी टेम्पो डुमसच्या किनाऱ्यावर पाठवला. डुमसची वाळू काळी असते हे सगळ्या सुरतेला माहीत आहे, आम्हालाही होतं, पण वाळू म्हणजे डुमस, दुसरं काही कुणाला सुचलंच नाही. काळा किनारा अंथरून झाल्यावर आप्पा नुसते बघत राहिले. मग त्यावर चार पोती पांढरी रांगोळी ओतली. वारा आला की निम्मं अंदमान उडून समोरच्या किराणा दुकानात जायचं.

पोपटांचं काम जिजीला दिलं. हिरव्या चिंध्यांचे तीनशे पोपट. ती दारात बसून शिवायची आणि विचारायची. या वेळचे प्रश्न वेगळे होते.

"चोच लालच ना?"

"लाल."

"बसतात तेव्हा तोंड कुणीकडे?"

आप्पांनी विचार केला. "सगळे एकीकडेच. वाऱ्याकडे."

जिजीने शिवलेले पोपट ओट्यावर मांडून पाहिले, सगळे एका दिशेला. एकदा तर ती स्वतः उठून ओट्यावर येऊन बसली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि दोघांनी मिळून पन्नासेक पोपटांच्या पोटात कापूस भरला. गल्ली आपापल्या दारात उभी राहून बघत होती. माझी आई मला म्हणाली, "आता दसऱ्याआधी आत घेते बघ."

आणि आप्पांनी आपला ज्वालामुखी केला. खाडीवरून टोपल्या भरभरून चिखल आणला, कमरेएवढा ढीग रचला, आत सायकलच्या ट्यूबची नळी पुरली, आणि मागे पडद्याआड पंप ठेवला. पंप दाबला की वर चिखलात फुगा यायचा, मोठा व्हायचा, आणि 'भप्' करून फुटायचा. आप्पा त्याकडे असं बघायचे की आपण बघू नये असं वाटावं.

निवेदनासाठी मला माहिती हवी होती. नुसत्या आप्पांच्या सांगण्यावर कसं लिहायचं, म्हणून मी स्टेशनजवळच्या एका प्रवास कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने धूळ झटकून एक हिंदी पत्रक दिलं, बेटांवरच्या 'दर्शनीय स्थळांचं'. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतली होडी, पोपटांचं बेट. दुसऱ्या पानावर एक फोटो होता. राखाडी चिखलाचा एक ढीग. कमरेएवढा. भोवती बांबूचं कुंपण, आणि कुंपणाला टेकून एक कुटुंब उभं, आपल्याला कुणीतरी फसवलंय असा चेहरा करून. खाली लिहिलं होतं, मिट्टी का ज्वालामुखी.

मी तो फोटो बाहेरच्या बाजूला येईल अशी पत्रकाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खूप आनंद झाला मला. धावत जाऊन आप्पांना दाखवावं असं वाटलं. पण म्हटलं, उद्या रंगीत तालीम आहे, तिथेच सगळ्यांसमोर काढू. जरा थाटात.

तालमीच्या दिवशी गणपती अजून बसायचा होता, आरास झाली होती. अध्यक्ष पुढे खुर्ची टाकून बसले. हत्ती पोहला, सोंडेतून पाणी उडालं, पोपट हलले. मग ज्वालामुखी. आप्पांनी आत पंप दाबला. भप्.

पोरं आडवी पडून हसली. एकाने तोंडानेच तसा आवाज काढला, मग दुसऱ्याने. पाच मिनिटं सगळा मांडव ढेकरा देत होता. अध्यक्ष उठले.

"आप्पा, शुं छे आ? लोक दर्शनाला येणार का अपचनाला?"

"साहेब, तसंच असतं ते."

"अरे, ज्वालामुखी म्हटलं की आग पाहिजे! हे बघा!" त्यांनी खिशातून कात्रण काढलं. "छापून आलंय!"

"ते बेट वेगळं," आप्पा म्हणाले. "तिकडे कुणी राहत नाही. दोन्ही दाखवा ना. एक आगीचा, एक चिखलाचा."

"जागा कुठे आहे दोनाला? एक डोंगर, आणि त्यात आग. फायनल." मग त्यांची नजर हत्तीवर गेली. "आणि हत्ती समुद्रात कोण मानणार? शेपूट लावा त्याला. सोंडेतून पाणी उडतंच आहे. देवमासा करा."

संध्याकाळपर्यंत हत्तीचा देवमासा झाला. कान तसेच राहिले. पुढे दहा दिवसांत त्याबद्दल एकाही माणसाने शंका काढली नाही. चिखलाच्या ढिगावर आमच्या माणसांनी गोणपाटाचा उंच डोंगर चढवला, तोंडाशी लाल-केशरी सॅटिनच्या पट्ट्या लावल्या, खाली टेबलफॅन आणि पिवळा दिवा. सुरतेत सॅटिनला काय तोटा. फॅन लावला की अशी आग भडकायची की पुढचे लोक मागे सरकायचे.

पत्रक माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. अध्यक्षांना घाबरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. अध्यक्ष तापट होते, पण फोटो दाखवला असता तर ऐकलं असतं. छापलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. खरी गोष्ट अशी की त्यांनी नवीन निवेदन लिहायला सांगितलं आणि मी बसल्या बैठकीला एक वाक्य लिहिलं: 'हजारो वर्षं सात समुद्र जिला विझवू शकले नाहीत, ती ही आग, भाविकहो!' ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर ताक्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला टाळ्या. चिखलाच्या बुडबुड्यावर असं वाक्य लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला होता.

एका वाक्यासाठी. इतकंच ते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जिजी आली. नवी नव्हे, पण इस्त्रीची साडी, दोन्ही मुली बरोबर. आप्पा बिल्ला लावून कडेला उभे. मी कॅसेट लावली. देवमासा आला, कान हलवत गेला. जिजीने भुवया उंचावल्या. पोपट आले, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. तिने हळूच मुलींना दाखवलं. आणि मग माझा आवाज घुमला, सात समुद्र, हजारो वर्षं, भाविकहो, आणि आग भडकली.

धाकटी मुलगी गुजराती शाळेत जायची. ती मोठ्याने म्हणाली, "मम्मी, आ तो आग छे! पप्पा तो कादव केता'ता!" पप्पा तर चिखल म्हणायचे.

जिजी आप्पांकडे वळली. आप्पा म्हणाले, "हे यांनी बदललं. आत आहे चिखल. खाली."

"खाली," जिजी म्हणाली.

मागची रांग थांबली होती. ती माझ्याकडे आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. हे सांगायला हवं, की आमच्याकडे देखाव्याच्या निवेदनाला कुणी करमणूक समजत नसे. गणपतीसमोर भोंग्यावरून जे बोललं जातं ते खरंच असणार. खोटं बोलणाऱ्याची जीभ तिथे वळणार नाही, अशी समजूत. जिजीचा माझ्यावर नाही, त्या जागेवर विश्वास होता.

"भाऊ," ती म्हणाली, "तू शिकेल शे. देव समोर शे. सांग, आग का गारा?"

गारा म्हणजे चिखल. आप्पा माझ्याकडे बघत होते. खिशातलं पत्रक मला छातीला टोचत होतं, कागदाचा कोपरा असतो तसं.

"आग, जिजी," मी म्हणालो. "पेपरात आलंय."

तिने देवाला हात जोडले, मुलींना घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची पेटी ओट्यावरून खाली रस्त्यावर ठेवलेली होती. त्यावर ताट, झाकलेलं.

आप्पा भांडले नाहीत. ते पेटी घेऊन मांडवात आले आणि बेटावर राहायला लागले. दुसरी जागाच नव्हती. रांगोळीच्या किनाऱ्यावर, सॅटिनच्या आगीखाली, पेटीवर बसून. लोकांना वाटलं हा देखाव्याचाच भाग. "बेटावरचा माणूस पण ठेवलाय," म्हणून गर्दी वाढली. लोक मला विचारायचे, हा बोलतो का? मराठी येतं का त्याला? एक आजीबाई डोंगराला हळदकुंकू वाहून गेल्या आणि एक केळं आप्पांपुढे ठेवून गेल्या. अध्यक्ष खूश. "आप्पांनी शर्ट काढला तर अजून बराबर दिसेल," म्हणाले. आप्पांनी शर्ट काढला नाही. कुणी जवळ आलं की ते हळू आवाजात सांगायचे, "चिखल असतो. थंड." लोकांना तेही आवडायचं.

विसर्जनानंतर अंदमान दोन तासांत टेम्पोत भरलं. देखाव्याचं बक्षीस पुन्हा सोसायटीच्या शंकराला मिळालं. आप्पा कोसाडला गेले, तापीच्या पलीकडे. तिथे एका बांधकामावर रखवालदाराचं काम आणि वसाहतीत अर्धी खोली मिळाली होती.

जिजी टिकल्या चिकटवत होती. भिंतीपलीकडून आता काही ऐकू यायचं नाही. मी पाळी करायचो, जेवायचो, झोपायचो, पत्रक गादीखाली. तीन महिने. मग एके दिवशी माझी आई म्हणाली की मोठ्या मुलीचं बघायला लागलेत आणि पाहुणे विचारतात, बाप कुठे आहे. जिजी म्हणते, मेला. ते ऐकलं आणि मी पत्रक घेऊन जिजीच्या दारात गेलो.

तिने फोटो पाहिला. मुलीकडून खालचं वाचून घेतलं. परत पाहिला.

"कधी भेटनं तुले हाई?"

"कालच," मी म्हणालो. "स्टेशनजवळ."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सहज आलं.

जिजी उठली, हातावरचा डिंक धुतला, चपला घातल्या. "चाल."

कोसाडला पोचलो तेव्हा आप्पा वसाहतीच्या आवारात खाटेवर बसले होते. भोवती पाच-सहा मजूर, कुणी मराठवाड्याकडचे, कुणी विदर्भातले, सुट्टीच्या दिवशीचे निवांत. आप्पांची आमच्याकडे पाठ होती. ते अंदमान सांगत होते. आम्ही मागे उभे राहिलो.

"...आन मग आग! अशी आग! हजारो वर्षं सात समुद्र विझवू शकले नाहीत, भाविकहो..."

'भाविकहो'सुद्धा त्यांनी ठेवलं होतं. मजूर तोंड उघडं टाकून ऐकत होते. एक जण म्हणाला, "बापरे, आन तुम्ही किती जवळ होता, काका?" आप्पा म्हणाले, "हे इथून त्या नळापर्यंत."

जिजीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती पुढे गेली, खाटेसमोर उभी राहिली, आणि पत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आप्पांना डोळ्यांनी जवळचं दिसत नसे. त्यांनी ते हातभर लांब धरलं. मजूर वाकून बघू लागले. मग आप्पांनी फोटोवर बोट टेकवलं.

"हाई कुंपण नव्हतं तवय," ते म्हणाले आणि बोट जरा बाजूला सरकवलं. "आठे एक ओंडका होता. आम्ही भाकर खायला बसायचो."

जिजी तिथेच खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, "पेटी घ्या."

आप्पांनी पत्रकाच्या घड्या बोटांनी एकेक करून सारख्या केल्या, घड्या पार झिजल्या होत्या, आणि माझ्याकडे पाहून ते मला परत दिलं. मजुरांपैकी एकाने विचारलं, "काका, मग आग?" आप्पा म्हणाले, "ती दुसऱ्या बेटावर."

ते घरात आले. आत. पुढच्या वर्षी प्लेगच्या भीतीने सगळी ओळ गावाकडे पळाली तेव्हा ते दोघं स्टेशनवर एकाच पेटीवर बसलेले मी पाहिले. दोन्ही मुलींची लग्नं झाली, आप्पांनीच कन्यादान केलं. आणि सगळ्यांना जिजी सांगायची की या पोराने कागद शोधून आणला म्हणून माझं घर सावरलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला जेवायचं आमंत्रण. पुढे मी लग्न करून दुसरीकडे राहायला गेलो तरी चुकलं नाही. पहिला पुरणाचा मांडा माझ्या ताटात, वर आमरस. जेवण झालं की आप्पा सुपारी कातरत विचारायचे, "मग, काय म्हणतोस? काही सांगायचं?" मी म्हणायचो, काही नाही आप्पा, बरं चाललंय.

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. गेल्या महिन्यात मी जिजीकडे गेलो. ती आता मोठ्या मुलीकडे असते, चालताना भिंत धरते. मी चहा येण्याआधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोललोच नसतो. पत्रक आधीपासून होतं. तू विचारलंस तेव्हा खिशात होतं. टाळ्यांसाठी म्हणालो आग. सगळं सांगितलं.

जिजी म्हणाली, "माहीत शे."

मला वाटलं, वयामुळे बोलतेय.

"कोसाडहून आलो ना, त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. तुझा तो मागावरचा पातळ शर्ट. खिशातला फोटो आरपार दिसत होता म्हणाले, मी आग का गारा विचारत होते तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? तूसुद्धा?"

"मी बोलणार होते. चांगली चामडी सोलणार होते तुझी. ते म्हणाले, थांब. ज्याचं त्याला सांगू दे. म्हणून तर आखाजीला बोलवायचे." ती भिंतीला टेकली. "तू दर वेळी जेवून जायचास."

आतून मुलीने चहा आणला. जिजीने कप हातात घेतला, प्यायली नाही.

"शेवटच्या आखाजीला त्यांना बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "तरी हाताने विचारलं तुला. आठवतं?"

आठवतं. त्यांनी पंजा असा उलटा केला होता, काय म्हणून. आणि मी जवळ जाऊन, जरा मोठ्याने, म्हणालो होतो, काही नाही, आप्पा. सगळं बरं आहे.